हरवलेले घोडे

कागदावर पंच्याऐंशी.
डायनोच्या रोलरवर एकसष्ट.
झाकीर कोकणी कपाळ पुसत म्हणाला,
"थोडे गिअरबॉक्स खातो, थोडे टायर खातात,
पण बाकीचे, पगारबाई, कुठं पेंड खातायत?"

आडनाव पगार. हातातला पगार वेगळा,
तो सातला येतो आणि दहा तारीख बघत नाही.
तरी आठ महिन्यांच्या ओव्हरटाइमचे नव्वद हजार साठवलेत,
आणि अंबड लिंक रोडच्या या शेडमध्ये
माझी राखाडी एस्टीम, डावं दार जरा वेगळंच राखाडी,
दातांच्या डॉक्टरपुढं बसल्यासारखी
बॉनेट वासून उभी आहे.

मी यादी आणली होती. चौकोनांच्या वहीत, पेन्सिलीनं,
कारण किमती दर आठवड्याला खोडाव्या लागतात.

टर्बो.
एकशे तीस घोडे देतो म्हणे,
पण मागून पिस्टन येतात, क्लच येतो, इंटरकूलर येतो,
एका पाहुण्यानं अख्खी बस भरून आणावी तसं.
हेडर. घोडे सहा, आवाज साठांचा.
नवा मॅप. पुण्याचा एक पोरगा
लॅपटॉप मांडीवर घेऊन लिहून देतो.
आणि कॅम.

कॅमपाशी माझी पेन्सिल थांबते.
सातपूरला दोन नंबरच्या मशीनवर
दिवसभर मी तेच घासते, दुसऱ्यांच्या गाड्यांचे,
मायक्रोमीटर लोबच्या पोटाशी धरून.
दोनशे बहात्तर अंशांचा कॅम
व्हॉल्व्ह जरा जास्त वेळ उघडा ठेवतो,
मी सेकंड शिफ्टहून येईपर्यंत
आई कडी लावत नाही, तसा.
साडेपाच हजार आरपीएमच्या वर सगळी मजा.
त्याखाली, मुंबई नाक्याच्या सिग्नलला,
इंजिन खोकतं, थरथरतं, बंद पडतं.
आणि माझं आयुष्य बरंचसं त्याखालीच चालतं.

झाकीरनं यादी वाचली.
वही परत दिली नाही, तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला.
प्लग काढले, गेज लावला.
"मारा सेल्फ."
पहिल्यात एकशे ऐंशी.
दुसऱ्यात एकशे पंच्याहत्तर.
तिसऱ्यात एकशे पाच.
चौथं त्यानं मोजलं, मी पाहिलं नाही.

तिसऱ्यात चमचाभर ऑइल सोडलं, काटा वर सरकला.
"रिंगा गेल्यात," तो म्हणाला.
"नवे घोडे घ्यायच्या आधी
पागेतून किती पळाले ते बघा."

मला राग आला. खरंच आला.
टर्बोची शिट्टी ऐकू येते, हेडर चकाकतो,
कॅमचे अंश सांगितले की शॉपमधली पोरं गप्प होतात.
रिंगा कुणाला दाखवायच्या?

तीन रविवार गेले.
ब्लॉक रिक्षात बसवून सातपूरला होनिंगला नेला.
रिक्षावाला आरशातून म्हणाला, "पेशंट लई शांत आहे."
हेड दोन दशांश मिलिमीटर घासून घेतलं, माझ्या डोळ्यांदेखत,
फोरमन लोहकरेंनी पैसे घेतले नाहीत, टोमणे मारले.
रिंगा, बेअरिंगं, गास्केट, ऑइल पंप.
आणि उरलेल्यातून हेडर घेतला.
शेवटी मी काही संत नाही.

काल रोलरवर अठ्ठ्याहत्तर आले.
झाकीरनं पट्टा सोडवला, "गंगेत घोडं न्हालं" म्हणाला,
आणि लगेच पुढच्या गाडीखाली शिरला.

रात्री त्र्यंबक रोडला चौथ्या गिअरमध्ये
मी पाय दाबला. गाडीनं विचार केला नाही.
एवढंच. त्याला दुसरा शब्द मला सुचत नाही.

वही आता माझ्याकडे आहे.
टर्बो खोडला. मॅप पुढच्या दिवाळीला.
कॅमची ओळ तशीच ठेवलीय,
तिच्यावर ग्लासाचं तपकिरी वर्तुळ उमटलंय,
तीनशे अंशांचं असेल,
एका बाजूनं उघडं.