तीन मणी

शिमग्यानंतरच्या आठवड्यात ट्रॉलरवर कप्पी सुटली, कानशिलात बसली,
आणि त्या रात्रीपासून देवगडला दोन दीपगृहं झाली.
एक सरकारी.
दुसरं माझं, वीतभर डावीकडे, जरासं खाली.
तेवीस वर्षं सुकाणू धरलेल्या तांडेलाने
कुठल्या उजेडाला विचारायचं खाडीचं तोंड?

लिलावात बारा टोपल्यांच्या मी चोवीस मोजल्या.
लोक हसले. मीही हसलो,
मग घरी येऊन एक डोळा मिटून जेवलो.

कणकवलीच्या काझी बाईंनी फोटो उजेडात धरला, म्हणाल्या,
कापायची गरज नाही. दोन्ही डोळे शाबूत आहेत,
फक्त एकमेकांशी बोलत नाहीत.
आणि हातात दिली मीटरभर दोरी,
तिच्यात तीन मणी : तांबडा, पिवळा, हिरवा.

भाऊ म्हणाला, "सुरी नाय, टाके नाय,
दोरीन डोळो बरो होता?"

त्यांची दोरी फारच गुळगुळीत. मी मणी जाळ्याच्या सुतात ओवले.
एक टोक पडवीच्या खांबाला, दुसरं नाकाच्या शेंड्यावर,
रोज वीस मिनिटं.
समोरून जाणारी पोरं थांबून बघायची.

"दोऱ्या दोनच दिसायला हव्यात," बाईंनी बजावलं होतं.
"ज्या मण्याकडे बघाल तिथे त्यांची फुली पडली पाहिजे.
एकच दोरी दिसली तर समजा, एक डोळा झोपला."
आणि बाकीचे मणी?
"ते दोन-दोन दिसणार. माझेही दिसतात.
ज्याच्याकडे बघत नाही ते सगळ्यांनाच दोन दिसतं, कोयंडे,
कुणाच्या लक्षात येत नाही एवढंच."

परतीच्या एसटीत हे मी नांदगावपर्यंत चघळत बसलो.

होड्या वर ओढल्या, झापांखाली गेल्या.
आषाढभर माझी फुली भटकत होती,
कधी मण्याच्या अलीकडे, कधी पार पलीकडे,
डोकं ठणकायचं, दोनदा उलटी झाली.
एकदा दोरी चुलीत टाकायला निघालो,
इंदुमतीने हातातून काढून घेतली.

खांबाला वाळवणाची दोरी बांधलेली,
म्हणून एके दिवशी तीच टोक धरून बसली.
मी पिवळ्याकडे बघत होतो.
त्याच्या पलीकडे दोन इंदुमती, दोघींच्या हाताला
कोळंबी सोलल्याचा वास असणार.
मग नजर मण्यावरून सुटली, तिच्यापर्यंत गेली,
आणि ती एक झाली.
सावकाश, होडी धक्क्याला लागावी तशी.
मणी सहा झाले. होऊ देत.
"काय बघतास?" म्हणाली. मी काहीच बोललो नाही.

नारळी पौर्णिमा झाली. सुकाणू आता हेमंतकडे,
मी नाळेपाशी उभा.
संध्याकाळी दीपगृह एकच असतं.
मध्यरात्रीनंतर, अंग थकलं की,
दुसरं हळूच बाजूला सरकतं.
"बाबा, कितके?" पोरगा मागून ओरडतो.
थांब, म्हणतो.
नाकापासून उजेडापर्यंत एक दोरी ताणतो,
मणी शोधतो.