आपला रेडर कोण

रविवारी रात्री साडेअकराला
मालाडच्या चौथ्या मजल्यावर
फोन वाजायचे थांबतात.

सगळे नाही. भिंतीवरच्या स्क्रीनवर
एकेक राज्य विझत जातं,
आधी ओहायो, मग पेनसिल्व्हेनिया,
विस्कॉन्सिन तर फ्यूज उडाल्यासारखं.
ग्रीन बे म्हणे आपल्या पनवेलपेक्षा लहान,
पण त्याच्या टीमपायी अख्खं राज्य
गळकी छपरं तशीच ठेवून टीव्हीसमोर बसतं.
डॅलसवाल्यांचा मात्र नेम नाही,
ते कुठल्याही राज्यात निघतात,
गावोगावी जावई दिल्यासारखे.

लोपिस यावर पैज लावतो, समोशांची.
कुणाचे भक्त खरे?
ज्यांचं शहर सगळ्यात गप्प.
मी क्लीव्हलँडवर लावते. नेहमीच.
समोसे जिंकते. टीम हरते.

अडीचला सामने संपतात
आणि लोकांना आठवतं
तळघरातलं पाणी, गारांनी फुटलेलं छप्पर.
जिंकलेली शहरं उशिरा फोन करतात.
हरलेली लगेच.

मिस्टर नोवाक, वय एक्क्याऐंशी,
गॅरेजच्या क्लेमचं विचारता विचारता
मध्येच म्हणाले, वी लॉस्ट.

मी विचारलं नव्हतं.
हेडसेटमध्ये त्यांचा श्वास,
मागे कुठेतरी भांडं घासल्याचा आवाज,
एकाच माणसाचं एकच भांडं.

माझ्या डोक्यात इंग्रजी आपोआप मराठी होते,
इतक्या वर्षांची सवय,
पण तिथे ती अडली.
आम्ही हरलो, की आपण?
त्या भाषेत एकच शब्द,
दार लोटलेलं आहे की कडी घातलेली
बाहेरून कळत नाही.

बाबा माझगाव डॉकमध्ये फिटर.
घोडपदेवचं नवजागृती मंडळ
उपांत्य फेरीपर्यंत जायचं आणि
तिथून चालत घरी यायचं.
बाबाही त्यांच्याबरोबर चालत.
रात्री मोरीत पाय धुताना सांगत,
आपण हरलो. दोन गुणांनी.
आई भाकरी थापता थापता म्हणायची,
तुम्ही कधी चड्डी घालून उतरला होतात?
ते चिडत नसत.
टॉवेल खांद्यावर टाकून पुन्हा तेच,
जरा हळू, फक्त माझ्याकडे बघून:
दोनच गुण गं.
मी सात वर्षांची. मला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं,
पण त्या ‘आपण’मध्ये मी होते.
त्या रात्री मी जेवले नाही.

मी मिस्टर नोवाकना म्हणाले,
वी विल गेट देम नेक्स्ट इयर, सर.

ते हसले नाहीत. बराच वेळ काही बोलले नाहीत.
मग म्हणाले, तुझ्या तोंडात साखर पडो,
म्हणजे त्यांच्या भाषेत जे काय म्हणतात ते.
आणि पॉलिसीचा नंबर
न चुकता, एका दमात सांगितला.

शुक्रवारी क्वालिटीच्या वरदराजननी
ते रेकॉर्डिंग मला ऐकवलं.
शेऱ्यात लिहिलं होतं:
‘वी’चा वापर कंपनीपुरताच करावा.
दोन गुण वजा.

मला हसू आलं, ते मी
रुमालात शिंकल्यासारखं केलं.
दोनच गुण गं.

आता सोमवारी पहाटे
ड्रॉपची गाडी लिंक रोडला लागली की
शौकतभाई परकार आरशातून विचारतात,
काय झालं?
हरलो.
कोण, कुठे, ते विचारत नाहीत.
त्यांनी स्टीअरिंगजवळ क्लीव्हलँडचा
नारिंगी स्टिकर लावलाय, कुठून आणला देव जाणे,
श्रीवर्धनच्या दर्ग्याच्या फोटोशेजारी.

काल मात्र दहिसरच्या सिग्नलला गाडी थांबली
आणि ते मागे वळले.
ताई, एक सांगा,
आपला रेडर कोण?

मला सांगता आलं नाही.
अकरा वर्षांत
मी त्यांचा एकही सामना पाहिलेला नाही.