अँड सन्स

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत
दुकानाच्या पाटीवर आजोबांचं नाव, पुढं 'अँड सन्स'.
मी लॅपटॉप, मायक्रोफोन
आणि कॉलेजच्या स्टोअरमधून सही करून आणलेला
एक्स्टेन्शन बोर्ड घेऊन आत शिरले,
तर दस्तगीरभाईंनी माझ्या मागं बघितलं:
"सर गाडी लावाय गेलेत काय?"

सर सांगलीत होते, विभागप्रमुखाच्या खुर्चीत.
प्रकल्पाला त्यांनीच होकार दिलेला,
"मॅडमना संगीताची आवड आहे, करू देत" म्हणून.
जसं काही मी रुखवत मांडणार होते.

आवड कसली. मला सूर कळत नाही.
मला कळतं ते एवढंच, की तार
घोडीवर नुसती बसत नाही,
तिच्या केसाएवढ्या उतारावर
टेकते, सुटते, टेकते, सुटते,
आणि खर्जाच्या अंगातून
दुप्पट, सातपट, सतरापट कंपनं
उठून उभी राहतात.
तारेखाली सरकवलेलं सूत
नेमकं कुठं असलं की उठतात,
मला ती जागा हवी होती. मिलिमीटरमध्ये.

तीन दिवस मोजलं.
भाई कानशीनं घोडी घासत, मी सूत सरकवी,
वहीत आकडा लिही.
आलेख सपाट, कृष्णेकाठच्या रानासारखा.
भाई म्हणाले, हवा दमट हाय.

चौथ्या दिवशी आतल्या खोलीतून,
भोपळ्यातला गर खरवडता खरवडता कुणीतरी बोललं:
"दबलंय ते. जरा मागं घ्या."

घेतलं.
लॅपटॉपवर सतरावी रेघ उभी राहिली.
मग अठरावी.
"हिला काय कळतंय," भाई हसत म्हणाले
आणि मध्येच थांबले,
कारण खोलीभर तंबोरा बोलत होता.

शमशादभाभी हात पुसत उंबऱ्याशी आल्या.
बत्तीस वर्षं शेवटची जवारी त्यांच्याच कानानं लागते.
गिऱ्हाईक आलं की तंबोरा पुढं जातो,
त्या आत.

पुढं पेपर झाला.
उगारे सर म्हणाले, पहिलं नाव माझं असू द्या,
पत्रव्यवहाराला बरं पडतं.
सत्काराच्या पत्रिकेवर छापून आलं:
डॉ. उगारे, डॉ. मगदूम आणि सौ. पद्मजा आवटी.
सात वर्षांची पीएच.डी.
एका काना-मात्रेत गडप.

मी भांडले. प्राचार्यांसमोर, उभ्यानं,
वही उघडून, तारखांसकट.
पहिलं नाव परत घेतलं.
घरी येऊन मसुदा शेवटचा वाचला
आणि आभाराच्या ओळीत थांबले.
मीच लिहिलं होतं, माझ्याच हातानं:
'सतारमेकर कुटुंबाचे सहकार्य लाभले.'

दुसऱ्या दिवशी साडेसहाची एसटी धरून मिरज.
"पूर्ण नाव सांगा."
"कशाला? पाटी करताय काय?"
हसल्या. मग सावकाश, एकेक अक्षर:
शमशाद बाबालाल सतारमेकर.
"बाबालाल माझे अब्बा," म्हणाल्या,
"हे नको घालू, अब्बाच घाल.
कान त्यांनी दिला."

रात्री नियतकालिकाचा अर्ज भरला.
दुसरी लेखिका. संस्था?
मी लिहिलं: आतली खोली, सतारमेकर गल्ली, मिरज.

लाल अक्षरात उत्तर आलं:
कृपया संस्थेचा ईमेल द्यावा.

कर्सर लुकलुकतोय.
टेकतो, सुटतो,
टेकतो.