मागचे दोन

वायरीच्या टोकाला तांबडा ठिपका,
विझत आलेल्या विडीएवढा.
आवाज म्हणे त्यातनंच जातो, उजेड होऊन.
पण कॉम्प्युटरला वाटा दोनच ठाऊक: डावी, उजवी.
मागचे दोन स्पीकर
पंगतीत वाढायला विसरलेल्या पाहुण्यांसारखे
गप्प.

मुनीर रात्री अकराला आला, उद्यमनगरातनं थेट,
हाताला लेथच्या तेलाचा वास.
सेटिंगात कुठंतरी खोल एक खूण केली, म्हणाला,
"सहा आवाज एकाच गाठोड्यात बांधायचे, भावा.
सोडायचं काम पलीकडच्या डब्याचं."

मग चाचणीची खरखर निघाली खोलीभर फिरायला,
पुढनं, उजवीकडनं, पाठीमागनं…

आण्णा खुर्चीत.
एकतीस वर्षं फौंड्रीत; डावा कान तिथंच राहिला.
"थांबली का रं?"

थांबली नव्हती.
मागच्या डाव्या कोपऱ्यात चालू होती.
मुनीर रिमोटच्या बटणांकडं बघत राहिला.

आण्णा उठले. खुर्ची उचलून उलटी ठेवली,
पडद्याकडं पाठ करून बसले,
उजवा कान त्या कोपऱ्याला दिला.

"लाव आता.
पिक्चर पाठ हाय मला.
मागं काय चाललंय, तेवढं ऐकू दे."