लॅमिनेशन करण्याआधी

वसमतच्या मोंढ्यामागं माझं दुकान.
एक झेरॉक्स, एक कॉम्प्युटर,
आणि लॅमिनेशनचं यंत्र, तापायला
सात मिनिटं घेणारं.
तेवढ्या वेळात मी समोरचा कागद वाचते.
खोडच आहे ती. सातबारे, टीसी, फारकतीचे अर्ज,
पंधरा वर्षांत निम्मा तालुका वाचून झाला.

विश्वंभर पतंगे कागद दोन्ही हातांवर घेऊन आला,
ओलं बाळ धरावं तसा.
"आपा, कलर काढा दोन. एक लॅमिनेट.
विमानतळावर लागलोय. अडतीस हजार."
अडतीस म्हणताना आवाज
सौद्यातल्या बोलीसारखा चढला.

मी बटण दाबलं.
वरती अभिनंदन, तीन रंगांत.
खाली गोल शिक्का. कागद उलटा करून बोट फिरवलं,
कुठंच दाब नाही, शिक्काही छापलेलाच.
पत्ता दिल्लीचा: मजला आहे, रस्ता नाही.
"मुलाखत?"
"फोनवर झाली. चार मिनिटं. उंची विचारली."
आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरांत
गणवेश व पडताळणीचे साडेसात हजार,
परत मिळणारे,
आज सहाच्या आत.

घड्याळात चार वीस.

सांगता आलं असतं मला.
माझंही एक पाकीट आलं होतं टपालानं,
पर्यवेक्षिका म्हणून नेमणूक,
अब्बांनी शिलाई मशीन विकली त्यापायी.
नांदेडला त्या पत्त्यावर फरसाणचं दुकान निघालं.
फरसाणवाल्यानं पाणी दिलं. म्हणाला,
ताई, या आठवड्यातल्या तुम्ही नवव्या.

पण दुसऱ्याचं फसणं तरण्या पोराला
आजोबाच्या चष्म्यासारखं.
लावून बघतो, काही दिसत नाही, परत देतो.

म्हणून विचारलं, "आई कुठंय?"
"यार्डात. हळद निवडायलीय."
"पोत्यातलं हळकुंड कसं बघते ती?"
"मोडून."
"वरचा रंग बघून का नाही?"
"पॉलिश केल्यावर सगळीच पिवळी असतात, आपा."

बोलला आणि थांबला.
यंत्राचा हिरवा दिवा लागला.
मग कान लाल करून म्हणाला,
"तुम्हाला कुणाचं भलं बघवत नाही."
काउंटरवर वीसची नोट. गेला.
यंत्र उगीच तापत राहिलं संध्याकाळपर्यंत.

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणारावर
आपल्याकडं हसतात.
मला हसू आलं नाही.
एकवीस वर्षांच्या त्या पोराला
अख्खं हळकुंड दाखवलं होतं कुणी?

दिवाळी होऊन गेल्यावर आला.
बारीक झालेला. हातात दुसरा कागद.
जालन्याचा सळयांचा कारखाना, शिकाऊ,
अकरा हजार दोनशे, त्यातून कॅन्टीनचे कापून.
अभिनंदन कुठंच नाही.
त्याच्या आडनावातला अनुस्वारसुद्धा खाल्लेला.

"गेटवर जाऊन आलोय," मी न विचारताच सांगू लागला.
"समोरच्या टपरीवर दोन तास बसलो.
पगार सात तारखेला होतो म्हणायलेत, कधी नऊला.
भट्टीजवळ लई गरम आहे म्हणे.
पोरं सहा महिन्यांत सोडून जातात काही."
"पैसे मागितले?"
"फोटो मागितले. चार."

मी फोटो कापत होते.
तो कॅलेंडरकडं बघत म्हणाला,
"तीन हजार भरले होते, आपा.
बाकीचे भरायलोच होतो, तर आई आली यार्डातून."
पुढचं त्यानं सांगितलं नाही.
कात्रीचा आवाज तेवढा होता.

"लॅमिनेट करू?"
"नको."
कागद उलटा केला,
सहीच्या मागचा उंचवटा
अंगठ्यानं एकदा चाचपला,
आणि चार घड्या घालून
वरच्या खिशात ठेवला.