पांढरी गल्ली

मोबाईल म्हणतो, लोकेशन सापडत नाही.
मी पत्र्याखालून बाहेर येते, हात उंच करते,
तेव्हा कुठे उपग्रहाला अंबूबाई गज्जमचं घर दिसतं,
तेही शेजारच्या गटारात.

पूर्व भागात पाणी पाचव्या दिवशी.
मधल्या दिवसांचं पाणी पिंपात, घागरीत,
कॉटखालच्या तेलाच्या डब्यातसुद्धा.
टॉर्च मारला की अळ्या वळवळतात,
मागाखाली पडलेल्या धाग्यांच्या तुकड्यांसारख्या.
एक घर, एक ठिपका.

शनिवारी डॉक्टर हिरेमठांनी
नकाशा भिंतीवर पाडला.
डेंग्यू लाल. त्यावर नळाच्या वेळांचा निळा थर.
जिथे पाणी उशिरा, तिथे लाल दाट.
कुणी बोललं नाही. पंखा तेवढा बोलत होता.

मग त्यांचं बोट एका पांढऱ्या गल्लीवर थांबलं.
"इथे बरं आहे. एकही नाही."

ती गल्ली माझ्या पायाखालची.
सकाळी दहाला तिथे सगळी कुलपं,
बाया विड्या द्यायला कारखान्यात,
आणि आम्ही खडूनं 'बंद' लिहून पुढे.
म्हटलं, सर, तिथे ताप नाही असं नाही,
तिथे आम्ही नाही.

आता सातनंतर जाते.
नरसम्मा दार उघडते, बोटांना तंबाखूचा वास,
तेलुगूत विचारते, एवढ्या रात्री?
आत नातू तापानं फणफणलेला.

मोबाईल वर धरते. ठिपका पडतो
अर्धा उंबऱ्यात, अर्धा रस्त्यावर.
चालेल.
पिंपावर काय झाकलंय, नरसम्मा?
चादर, म्हणते. आपल्याच मागावरची.
टॉर्च मारते.
कडेला फाटलीय.