घरातून दिसतं

मिलोय्का लापायने म्हणते, माझ्याकडे तर उघडतंय.
आणि खरंच उघडतंय:
लेसचे तीनशे बारा नमुने,
पिवळट कागदावर टाचण्यांची टिंबं,
वर्षभर एकेक स्कॅन करून चढवलेली
त्या जुन्या लॅपटॉपवर, जो सिंकखालच्या कप्प्यात
व्हिनेगरच्या बाटल्यांशेजारी गुरगुरत असतो.

क्लीव्हलंडहून रोझी, तिची मामेबहीण,
रोज फोन करते. पान येत नाही.
चक्र फिरतं, फिरतं, मग माफी मागतं.
तिचा कॉम्प्युटर जुना, मिलोय्का म्हणते.
मग ल्युब्लियानाच्या भाच्याकडेही पांढरंच.
त्याला कधी काय जमलंय!
तेव्हा मी वरच्या मजल्यावरून खाली येते, मोज्यांवरच.

तिचा फोन घेऊन आधी वायफाय बंद करते.
पान गेलं.
ती माझ्याकडे बघते, जणू मीच पुसलं.
इतके दिवस ती घरातूनच घराला विचारत होती
दिसतंय का,
आणि घर हो म्हणत होतं. घरं म्हणतातच.

राउटर धुळीने मऊ झालेला.
त्याच्या वहीत लॅपटॉपचा नंबर चौदा,
लॅपटॉप मात्र सतरावर राहायला गेलेला.
मार्चमध्ये वीज गेली तेव्हा बिऱ्हाड हललं असणार,
कुणाला न सांगता.
चौदाचे सतरा करते. चारशे त्रेचाळीसचं दार उघडते.
फायरवॉलला सांगते, येऊ दे.
मग थंडीत पुलावर जाते, खाली इद्रिइत्सा खळाळत,
फोन वर धरते.
पांढरं.

असं तीनदा.
ती उशीपाशी बसलेली, लाकडी रिळं टकटकत,
उजवं डाव्यावरून, पीळ, टाचणी.
लेस म्हणजे दोरा नव्हे गं नेझा, भोकं.
दोरा नुसता भोकांना जागेवर धरतो.
मी म्हणते, तुझी भोकं कळतात मला,
कंपनीच्या भिंतीत कुठे आहे ते सांग.

रात्री अकराला सापडतं.
राउटर म्हणतो तो आमचा पत्ता एक,
जगाला दिसतो तो दुसराच.
अख्खी गल्ली त्या एका पत्त्यामागे:
बेकरी, दंतवैद्य, खाण बंद झाल्यापासून
खिडकीशी बसलेला स्तान्को, आणि आम्ही.
आतून बाहेर जाणाऱ्याला कुणी अडवत नाही.
बाहेरून येणारा गल्लीच्या तोंडाशी उभा,
कुणाकडे आलात, विचारणारंही कुणी नाही,
थोडं थांबतो, जातो.

सकाळी कंपनीला फोन. मुलगी अगदी नम्र.
स्वतंत्र पत्ता मिळेल, महिन्याला दोन युरो.
दाराचे पैसे? मिलोय्का माझ्या हातातून फोन घेते.
दाराचे नाही बाई, नंबराचे.
माझ्या आईने साठ वर्षं या घराचा नंबर फुकट वापरला.
पण दिले. ईस्टरच्या हॅमसाठी ठेवलेल्या पाकिटातून.

गुरुवारी लॉगमध्ये पहिली ओळ.
कोण, कोण, कोण आलं?
मी वाचते. पहाटे चार वाजून सात मिनिटं.
कुठलंसं यंत्र, आमच्याकडे नसलेल्याच
एका खोलीची कडी हलवून गेलेलं.
चोर, मी म्हणते. भुरटा.
म्हणजे दार दिसतंय, ती म्हणते,
आणि अक्रोडाच्या पोतित्साचा जाड तुकडा कापते, माझ्यासाठी,
शेजारी दुसरा, बहुतेक त्याच्यासाठी.

रोझीचा फोन संध्याकाळी.
नमस्कार नाही, शाबासकी नाही.
सत्तेचाळीस नंबर, डावा कोपरा, एक टाचणी कमी आहे.
बासष्ट सालीही मी हेच सांगितलं होतं.

मिलोय्का चष्मा शोधते.
मूळ कागद काढते, दिव्यासमोर धरते,
बराच वेळ धरून ठेवते.
मग माझ्याकडे न बघता विचारते,
ते दोन युरो परत मिळतात का गं?